चोकअपचं रजिस्टर

चंदा हरडचं काम नेमकं काय, हे म्हशाजवळच्या तिच्या सासरच्या गावात आजही कुणाला धड ठाऊक नाही. चूक तिचीच. दोन वर्षांपूर्वी कंपनीत तिची नव्या विभागात बदली झाली, त्या दिवशी सासूनं विचारलं, "आता गो कंचं काम दिलं?" चंदा दमून आली होती. चपला काढता काढता तिनं सांगितलं, "लायब्ररी बनवायची आहे, आत्याबाई." सासू बाईजा म्हणजे बोलकी बाई. दुसऱ्या दिवशी दळणाच्या रांगेत तिनं जाहीर करून टाकलं, "आमची चंदा मुरबाडला लायब्रीत लागली. पंख्याखाली बसून काम." आठवड्याभरात गावातले एक निवृत्त गुरुजी जुन्या दिवाळी अंकांचं पोतं घेऊन दारात हजर. "तुमच्या लायब्ररीला आमची भेट." समजावायचं सोडून चंदानं पोतं आत ठेवून घेतलं. सुरुवात तरी कुठून करायची?

कारण त्या लायब्ररीत पुस्तक एकही नव्हतं. होत्या त्या बोटाच्या पेराएवढ्या काचेच्या कुप्या आणि प्रत्येक कुपीत चिमूटभर पांढरी पूड. औषधाच्या डब्यात 'खाऊ नये' असं लिहिलेली ओल धरणारी पुडी निघते ना, तसलं काहीतरी, पण तिच्याहून कितीतरी जास्त ओल धरणारं, असं काही सापडतं का ते बघायचं होतं. नेमकं कुठल्या मिश्रणातून ते निघेल हे आधी कुणालाच माहीत नसतं. म्हणून एकाच जातीच्या पुडीचे शेकडो नमुने करायचे, दर नमुना आधीच्यापेक्षा थोडा वेगळा, आणि त्यांची नंबरवार मांडणी करायची. या साठ्याला कंपनीत लायब्ररी म्हणत.

पूर्वी अशी एक पूड करायला चंचुपात्रात दिवस जायचा. नव्या विभागात फ्लो रिॲक्टर आणला होता. नाव भारदस्त, पण वस्तू म्हणाल तर दोन बाटल्या, दोन पंप आणि उदबत्तीच्या काडीइतकी बारीक लांबलचक नळी. एका बाटलीत धातूच्या क्षाराचं पाणी, दुसरीत आम्लाचं. दोन्ही पंप आपापलं पाणी ढकलत राहतात, एका तोटीपाशी दोन्ही भेटतात आणि तापलेल्या तेलात बुडवलेल्या नळीच्या वेटोळ्यातून पुढे सरकतात. आत जाताना नितळ, बाहेर येताना ताकासारखं पांढरं. कामात थांबणं नाही. पंपाचा वेग बदला, तेलाची उष्णता बदला, एका बाटलीतलं जास्त घ्या, दुसरीतलं कमी, की वीस मिनिटांत वेगळी पूड. दिवसाला चोवीस कुप्यांचा एक रॅक. असे वीस रॅक, म्हणजे चारशे ऐंशी कुप्या, फेब्रुवारीअखेर पुण्याच्या एका ग्राहकाला द्यायच्या होत्या.

हिशेबानं हे महिन्याभराचं काम. चंदाला साडेतीन महिने लागले, कारण नळी चोकायची.

चंदा मूळची डोळखांबच्या वरच्या अंगाची. बाप नामा निचिते, उतारावरची भाताची खाचरं आणि वर थोडी नाचणी. दिवाळीनंतर पाड्यातली निम्मी घरं कामाला बाहेर पडायची आणि शाळेचे वर्ग ओस पडायचे. नामानं मात्र हिला शाळेसाठी मागं ठेवलं. शहापूरच्या कॉलेजात ती रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली, सेकंड क्लासमध्ये. लग्न होऊन मुरबाडकडे आली आणि याच कंपनीत कच्च्या मालाची पिंपं तपासायला लागली. अकरा वर्षं पिंपंच तपासली. तिच्याबद्दल तिथल्या लोकांना दोनच गोष्टी सांगता येत. एक, ती डबा खाताना बोलत नाही. दोन, ती सगळं लिहून ठेवते. पिंपाचं झाकण कुठल्या बाजूनं दबलंय तेसुद्धा.

नव्या विभागाचे प्रमुख आदेश सर. डॉक्टरेट केलेले, ठाण्याहून गाडीनं येणारे, हुशार आणि वागायला सभ्य. चंदाला ते 'चंदाताई' म्हणत आणि कधी आवाज चढवत नसत. त्यांना एकच गोष्ट सहन व्हायची नाही, ती म्हणजे रॅकमधली रिकामी जागा.

आणि नळी तर दिवसातून तीनदा चोकायची. प्रेशरचा काटा आधी दोनवर थरथरायचा, मग तीन, मग एकदम सहा, आणि पंप शिट्टी मारून बंद. नळीत पूड घट्ट बसलेली. मग तेल गार होईपर्यंत थांबा, नळी सोडवा, सौम्य आम्लानं धुवा. त्यानंही सुटली नाही तर कुंडलिकदादांना बोलवा. कुंडलिकदादा कंपनीतले जुने फिटर, पन्नाशीचे, खर्डीहून येणारे. ते चष्मा कपाळावर चढवून नळी उजेडाकडे धरायचे. "इथं बसलाय बग. बरफीवानी." मग कचकन तेवढा तुकडा कापून नवा जोडायचे.

चंदानं एक लांबट रजिस्टर घातलं. रेसिपी नंबर, तारीख, किती वाजता सुरू केलं, कितव्या मिनिटाला काटा चढला, तोटीपाशी चोकली की वेटोळ्यात. दर नंबराला ती तीन वेळा प्रयत्न करी. तिन्ही वेळा चोकली तर लाल पेनानं लिही, 'होत नाही.'

डिसेंबर संपता संपता तिनं ते रजिस्टर सरांसमोर ठेवलं. "सर, बावन्न नंबर होत नाहीत. हे कुठं भरायचे?"

सरांनी पानं चाळली. "ताई, हे आपल्यासाठी ठीक आहे. पण ग्राहकाला काय, झालेली पूड हवी. न झालेली कशी पाठवणार?"

"न झालेली पाठवायची नाय, सर. झाली नाही एवढं सांगायचं. सतरा नंबर चोकतो, अठरा चोकत नाही, म्हणजे यांच्या मधेच कुठंतरी..."

"बरोबर आहे तुमचं," सर म्हणाले. चंदाला या तीन शब्दांचा पुढं धसकाच बसला, कारण यांच्यानंतर नेहमी 'पण' यायचा. "पण करारात चारशे ऐंशी लिहिलंय. जे चोकतात ते दुप्पट पाणी घालून पातळ करा. मग जातील नळीतून."

"पातळ केला तर तो सतरा राहत नाय, सर."

"तळटीप देऊ आपण."

चंदानं पातळ केले. पातळ केले की नळी वाहायची, कुपी भरायची. कुपीवर चिठ्ठी सतरा नंबरचीच. रजिस्टरात मात्र तिनं पुढं लिहिलं, 'दुप्पट पाणी घालून. हा खरा १७ नव्हे.'

जानेवारीत म्हशाची जत्रा आली. घर पाहुण्यांनी भरलं. डोळखांबहून नामा आला, बैल घ्यायचा नव्हता तरी बैलबाजार बघायला. चंदानं अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली. सर म्हणाले, "ताई, आज रॅक अठरा आहे. तुमच्याशिवाय कुणाला जमणार?" ही स्तुती होती की काय, हे तिला कळलं नाही. त्या दिवशी नळी पाच वेळा चोकली. संध्याकाळी घरी पोचली तेव्हा बाप जायला निघालेला, पिशवी खांद्याला.

"येवढा काय काम असतो गो तुला?" नामानं विचारलं.

"नळी चोकते, बाबा."

"मंग मोठी नळी घ्या ना."

चंदाला हसूही आलं नाही. बारीक नळी का लागते, मोठ्या नळीत मधलं पाणी आणि कडेचं पाणी सारखं कसं तापत नाही, हे सगळं तिला सांगता आलं असतं. पण बाप एसटीच्या घाईत होता. ती नुसती "हो" म्हणाली आणि त्याला थांब्यापर्यंत सोडून आली.

फेब्रुवारीअखेर वीस रॅक गेले. चारशे ऐंशी कुप्या, एकही जागा रिकामी नाही. त्यातल्या एकशे एकतीस पातळ केलेल्या. तळटीप दिली का, असं चंदानं दोनदा विचारलं. पहिल्यांदा सर म्हणाले, "देतोय." दुसऱ्यांदा म्हणाले, "रिपोर्ट गेला, ताई. फार सुंदर झालाय." रिपोर्टमध्ये दर ओळीला शेवटी ज्यानं पूड केली त्याची आद्याक्षरं होती. चारशे ऐंशी ओळी, सगळीकडे तीच दोन अक्षरं. चं. ह.

एप्रिलमध्ये ग्राहकानं नंबर निवडला. तीनशे बारा. ओल धरण्यात पहिला. त्याची पाच किलो पूड हवी होती. मागच्या शेडमध्ये मोठा रिॲक्टर उभा केला, रिपोर्टात लिहिलेल्या प्रमाणाबरहुकूम. चंदानं नंबर ऐकला आणि रजिस्टरात शोधला. लाल पेनातला निघाला. ती रजिस्टर घेऊन सरांच्या केबिनकडे गेली. सर फोनवर होते. त्यांनी हातानं 'नंतर' अशी खूण केली. ती अर्धा तास उभी राहिली. मग सर बाहेर आले ते थेट पाहुण्यांना घेऊन शेडकडे.

सातव्या मिनिटाला काटा चढला. तोटीजवळचं सील उडालं आणि पांढरा फवारा भिंतभर. कुणाला लागलं नाही, एवढं बरं. मोठा पंप जळाल्याचा वास मात्र दिवसभर शेडमध्ये कोंदून राहिला.

दुसऱ्या दिवशी मीटिंग. वरचे दोन साहेब, पुण्याहून ग्राहकातर्फे आलेल्या नम्रता मॅडम, आदेश सर, आणि दाराजवळच्या खुर्चीवर चंदा. एका साहेबांनी रिपोर्ट उघडून बोट ठेवलं. "तीनशे बारा. चं. ह. कोण हे?"

"मी," चंदा म्हणाली.

"तुमच्या हातून हा नमुना झाला होता ना? मग आता का होत नाही?"

चंदानं सरांकडे पाहिलं. सर पेनाचं टोपण उघडत-लावत होते. तिला वाटलं, ते आता बोलतील. ती थांबली. टोपण उघडलं, लागलं, उघडलं. मग ती उठली आणि रजिस्टर टेबलावर ठेवून तीनशे बाराचं पान काढलं. "हा नंबर माझ्या हातून झाला नाय, साहेब. तीन वेळा चोकला. सहाव्या मिनिटाला, सातव्या, परत सहाव्या. दुप्पट पाणी घातल्यावर झाला. इथं लिहिलंय. तारीख आहे."

नम्रता मॅडमनी रजिस्टर ओढून घेतलं. वयानं चंदापेक्षा लहान असतील. त्या एकेक पान बघत गेल्या.

"अशा किती आहेत?"

"एकशे एकतीस."

"आणि हे आम्हाला का पाठवलं नाही?"

आता सर बोलले. "ॲक्चुअली मॅडम, याचा वेगळा नकाशा करायचा आमचा विचार होताच. कुठं वाहतं, कुठं तुंबतं. दुसऱ्या टप्प्यात."

चंदानं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. सर तिच्याकडे पाहत नव्हते. घरी जाताना रिक्षात बसल्यावर तिला चार-पाच चांगली वाक्यं सुचली. तेव्हा त्यांचा काय उपयोग.

नम्रता मॅडमना तो नकाशा हवा होता. न झालेले नंबर त्यांना झालेल्यांइतकेच मोलाचे वाटले, असं त्यांनी ईमेलमध्ये स्पष्ट लिहिलं. फक्त एक अडचण. हातानं लिहिलेली नोंद त्यांच्या कंपनीत चालत नव्हती. प्रेशरचा आकडा कॉम्प्युटरनं स्वतः टिपलेला हवा, मिनिटागणिक. सबब एकशे एकतीस नंबर पुन्हा करायचे. मूळ प्रमाणात, पाणी न घालता.

"म्हंजी आता मुद्दाम चोकवायची?" कुंडलिकदादांनी विचारलं.

"मुद्दाम."

"आन् मी कापायची."

"हो, दादा."

दादांनी चष्मा खाली घेतला, पुन्हा वर चढवला. "तुमी शिकलेली मानसं," एवढंच म्हणून ते नळीचं भेंडोळं आणायला गेले.

मेच्या पहिल्या आठवड्यात चंदानं सतरा नंबर लावला. हा गेल्या डिसेंबरात तीनदा चोकलेला, तिन्ही वेळा दहा मिनिटांच्या आत. दोन्ही पंप सुरू झाले. काटा दोनवर. दहा मिनिटं झाली, वीस झाली, चाळीस झाली. नळीच्या टोकातून पांढरं ताक खुशाल वाहत होतं आणि काटा दोनवर मेल्यासारखा पडून. चंदा स्टुलावर बसून त्याच्याकडे बघत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा ती मनोमन म्हणत होती, चोक ना मेल्या.

नाही चोकली. मग बावीस नंबर. तोही वाहिला. एकतीस चोकला, पण अर्ध्या तासानं. चाळीस वाहिला.

त्या दुपारी तिला खरोखर रडू आलं. लॅबच्या मागं, नळाशी, तोंडावर पाणी मारत ती उभी राहिली. आता कोण विश्वास ठेवणार? रजिस्टर खोटं ठरणार. सर म्हणणार, बघा, तुमचाच हात बसला नव्हता. तोंडावर मारलेलं पाणी कढत होतं. टाकी उन्हात तापलेली. ते पाणी ओंजळीत धरून ती मिनिटभर तशीच राहिली, मग आत पळाली.

क्षाराच्या बाटलीत तिनं थर्मामीटर घातला. छत्तीस. मग तिनं रजिस्टर काढलं आणि वेळेचा रकाना बघत गेली. डिसेंबर-जानेवारीतले बहुतेक चोकअप सकाळी आठ ते दहाच्या मधले. त्या खोलीला वातानुकूलन नव्हतं. मुरबाडच्या थंडीत तेव्हा बाटल्या गारठलेल्या असायच्या. गार पाण्यात क्षार कमी विरघळतो, नळीत शिरता शिरताच बसायला लागतो. एप्रिलात शेडमध्येही क्षार बोअरवेलच्या गार पाण्यातच कालवला होता. तेलाची उष्णता सगळ्यांनी लिहिली होती. बाटलीची कुणीच नाही. तिनंसुद्धा नाही.

कुंडलिकदादांनी नाक्यावरच्या रसवंतीतून बर्फाची लादी आणली. बादलीत फोडलेला बर्फ, त्यात बाटली, थर्मामीटर पंधरावर आला आणि सतरा नंबर पुन्हा लावला. आठव्या मिनिटाला काटा सहावर गेला, पंपानं शिट्टी मारली. दादा म्हणाले, "चोकली!" आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, घरात पोर झाल्यासारखं.

सरांना तिनं लगेच सांगितलं. सर ऐकत राहिले. "बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "पण हे आत्ता काढू नका. बाटलीच्या उष्णतेचा रकानाच नाहीये फॉर्ममध्ये. सगळंच उलगडावं लागेल. एकशे एकतीस बर्फात करून टाका आणि विषय संपवा."

चंदा जागेवर येऊन बसली. विषय संपला असता, हे खरंच होतं. महिन्याभरात सगळं आटोपलं असतं. तिनं डबा उघडला, बंद केला. मग मोबाईल काढला आणि नम्रता मॅडमच्या ईमेलखालचा फोन नंबर लावला. अकरा-बारा वर्षांत सरांना वगळून वर कुणाशी बोलण्याची तिची ही पहिली खेप.

"मॅडम, मुरबाडहून चंदा हरड बोलते. तुमच्या फॉर्ममध्ये एक रकाना कमी आहे."

रकाना आला. त्याबरोबर ईमेलही आला. झालेले तीनशे एकोणपन्नास नंबर तरी कुठल्या उष्णतेला झाले होते, तेही कुणाला माहीत नव्हतं. तेव्हा आता सगळेच्या सगळे चारशे ऐंशी नंबर पुन्हा. एकदा पंधरावर, एकदा पस्तीसवर. नऊशे साठ.

आदेश सरांनी ईमेलचा कागद तिच्यापुढं ठेवला. "घ्या. तुम्हीच वाढवून घेतलंत." त्यानंतर आठवडाभर ते तिच्याशी कामापुरतंच बोलले. बाटल्या गार ठेवायचं यंत्र यायला आणखी तीन आठवडे गेले. तोवर रोज रसवंतीचा बर्फ. पाऊस लागला तशी रसवंती बंद झाली, मग आइस्क्रीमवाल्याकडून.

जुलैच्या मध्याला तीनशे अठ्ठ्याऐंशी झाले होते. त्या सकाळी कुंडलिकदादा नवं भेंडोळं घेऊन आले.

"किती ऱ्हायल्या गो?"

"पाचशे बहात्तर." तिनं नळीचं टोक डोळ्याजवळ धरलं. मग जुना तुकडा काढून शेजारी धरला. "दादा, ही जाड आहे."

"जुनी संपली. स्टोअरवाल्यानं हीच दिली. केसभराचा फरक हाय."

केसभराचाच होता. लावली असती तर वाहिलीही असती आणि कॉम्प्युटरनं निमूटपणे आकडे टिपले असते. चंदानं भेंडोळं परत दादांच्या हातात दिलं. पंप बंद केले, तेलाखालचा हीटर बंद केला, बोर्डावर लिहिलं, 'नळी येईपर्यंत बंद. चं. ह.' आणि सही केली.

पंधरा मिनिटांत सर आले. "बंद कुणी केलं?"

"मी, सर. नळी बदललीय."

"ताई, एवढ्याशा फरकानं..."

"मग नऊशे साठपैकी निम्मे एका नळीचे आणि निम्मे दुसरीचे होतील. कुणी मागितलं तर मी काय दाखवू?"

सरांनी बोर्डाकडे पाहिलं. 'बरोबर आहे तुमचं' हे त्यांच्या ओठांवर आलेलं तिला दिसलं. यावेळी पुढं 'पण' आला नाही, आणि आधीचं वाक्यही आलं नाही. "किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"ते तुम्ही सांगायचं, सर. मागवणार तुम्ही."

जुन्या मापाची नळी यायला नऊ दिवस लागले. पहिले दोन दिवस चंदा रजा टाकून घरी नुसती चिडचिड करत बसली. भांडी आपटली, सासूला दोनदा उलटून बोलली, नवऱ्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी बाईजाच म्हणाली, "जा गो, म्हायेरी लावणी चाललीय तुझ्या बापाची. हितं राहून आमची टाळकी कशाला फिरवतस?" मग ती डोळखांबला गेली आणि सहा दिवस गुडघाभर चिखलात उभी राहिली. नामानं या खेपेला कामाबद्दल काही विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. तिथंही तिचं डोकं निवलं नाही. रोपं खोचता खोचता ती पाचशे बहात्तरला चोवीसानं भागत होती, आणि त्यात चोकअपचे दिवस मिळवत होती, आणि उत्तर दरवेळी दिवाळीच्या आसपास जात होतं.

दहाव्या दिवशी सकाळी आठ वाजता तिनं पंप सुरू केले. नंबर तीनशे एकोणनव्वद. बाटली पंधरावर. अकराव्या मिनिटाला काटा चढायला लागला.